हायवे गावाबाहेर गेला, मग तर्री-पोह्याचं काय?

अमेरिकेतल्या बंद पडलेल्या जुन्या हॉटेलांचे फोटो हल्ली मोबाईलवर खूप फिरतात. नारिंगी छपराची हॉटेलं, लांबलचक काउंटर, गोल स्टुलं, उंच ग्लासातलं आइस्क्रीम. खाली लोक हळहळतात, "काय दिवस होते!" आपल्याला वाटतं, कुठे अमेरिका अन् कुठे कन्हान. पण ती हॉटेलं का चालली आणि का बसली हे नीट पाहिलं, तर गोष्ट आपल्याच गावाची निघते.

सुरुवात ठेल्यापासून करू. १८७२ साली प्रॉव्हिडन्स नावाच्या शहरात वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसाने घोड्याच्या बंडीवर रात्री खाणं विकायला सुरुवात केली. सँडविच, पाय, कॉफी. हा आधी छापखान्यात काम केलेला माणूस. रात्री वर्तमानपत्र छापणाऱ्यांना भूक लागते आणि तेव्हा सगळी हॉटेलं बंद असतात, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून बंडी लावली ती वर्तमानपत्राच्या कचेरीजवळच. पुढे अशा बंड्या कारखान्यांच्या गेटवर उभ्या राहू लागल्या. मग त्यांची चाकं गेली, आत काउंटर आले, रेल्वेच्या डब्यासारखा आकार आला आणि लोक त्यांना 'डायनर' म्हणू लागले. सिनेमात दिसतं ते अमेरिकेचं प्रसिद्ध डायनर म्हणजे मुळात रातपाळीवाल्यांचा नाश्त्याचा ठेला.

आता ते नारिंगी छप्पर. हॉवर्ड जॉन्सन नावाच्या गृहस्थाने १९२५ मध्ये क्विन्सी गावात एक छोटं दुकान घेतलं आणि आइस्क्रीम विकायला लागला. पुढे त्याची २८ चवींची जाहिरात झाली, तळलेल्या शिंपल्यांची ख्याती झाली. पण त्याचा धंदा खरा वाढवला रस्त्याने. १९४० मध्ये पेनसिल्व्हेनियाचा मोठा टोल रस्ता सुरू झाला, तेव्हा त्यावर जेवण देण्याचा ठेका त्यालाच मिळाला. मोटारीने निघालेलं कुटुंब लांबून नारिंगी छप्पर पाहायचं आणि गाडी वळवायचं. भरभराटीच्या काळात अशी हजाराच्या आसपास हॉटेलं होती. मग नवे महामार्ग आले. त्यांच्या वळणावर मॅकडोनाल्ड्ससारखी स्वस्त आणि झटपट दुकानं आली. १९७९ मध्ये कंपनी विकली गेली. उरलेलं शेवटचं हॉटेल २०२२ मध्ये बंद झालं. रस्त्याने दिलं आणि रस्त्यानेच नेलं.

तिथला 'रूट ६६' १९२६ साली आखला गेला, शिकागो ते लॉस एंजेलिस. वाटेतली शेकडो गावं या रस्त्यावर जेवली. नवे महामार्ग शेजारून गेले, गावं बाजूला पडली, आणि १९८५ मध्ये हा रस्ता सरकारी यादीतूनच निघाला. टेक्सास आणि न्यू मेक्सिकोच्या सीमेवरचं ग्लेनरिओ तर ओसाडच झालं. पडक्या हॉटेलांचे फोटो काढायला आता लोक तिथे जातात.

आता आपल्याकडे या.

वाराणसीहून कन्याकुमारीला जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग ७ (आताचा ४४) कामठी ओलांडून, नदीच्या पुलावरून आपल्या कन्हानमधून जायचा. जबलपूर, शिवनीकडची ट्रक-बस वाहतूक गावाच्या पोटातून. कन्हान जंक्शनवरून रामटेकचा फाटा, म्हणजे यात्रेकरू. आजूबाजूला कोळशाच्या खाणी, त्यांच्या तीन पाळ्या. अशा ठिकाणी सकाळी तर्री-पोहा, दुपारी आलूबोंडा, समोसा-कढी आणि रात्री सावजीचं झणझणीत जेवण चालणारच. पहाटे पाळी सुटलेल्या माणसाला गरम अन् तिखट लागतं, लवकर लागतं आणि खिशाला परवडेल असं लागतं. स्कॉटच्या बंडीचा हिशेब आणि आपल्या ठेलेवाल्याचा हिशेब एकच.

मग चौपदरीकरणात कामठी-कन्हान बायपास झाला. तो व्हायलाच हवा होता. गावातून भरधाव ट्रक जाणं हे काही वैभव नव्हतं. पण बायपासवरून जाणाऱ्या ड्रायव्हरला कन्हान म्हणजे आता फक्त पाटीवरचं नाव. त्याची भूक टोलनाक्याजवळच्या मोठ्या ढाब्यावर भागते. "आजकालच्या पोरांना पिझ्झा-बर्गर लागतो, म्हणून जुनी हॉटेलं बसली," असं आपण सहज म्हणतो. भाऊ, पोह्याची चव कुठेच गेली नाही. गिऱ्हाईक दुसऱ्या रस्त्याने गेलं.

आणखी एक बोललं पाहिजे. "काय दिवस होते" म्हणताना ते दिवस कोणाचे होते हेही विचारावं. ऑक्टोबर १९५७ मध्ये घानाचे अर्थमंत्री कोमला ग्बेडेमा डेलावेअरमधल्या अशाच एका नारिंगी छपराखाली संत्र्याचा रस प्यायला थांबले. काळ्या माणसाला इथे बसून पिता येणार नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. प्रकरण इतकं गाजलं की राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना त्यांना व्हाइट हाउसमध्ये नाश्त्याला बोलवावं लागलं. मंत्री होते म्हणून बोलावणं तरी आलं. सामान्य काळ्या माणसांसाठी १९६० साली ग्रीन्सबरोमध्ये चार विद्यार्थी काउंटरवर बसले आणि उठायला तयार झाले नाहीत, तेव्हा कुठे दारं उघडायला लागली.

आपण हसू नये. हॉटेलात वेगळी कपबशी ठेवणारा देश आपलाही होता. संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकानं आणि उपाहारगृहं यांचा मुद्दाम उल्लेख करावा लागला, १९५५ मध्ये अस्पृश्यतेविरुद्ध कायदा करावा लागला. 'जय भीम' हे अभिवादन रुजवणारे कामठीचे बाबू हरदास यांची समाधी आपल्याच कन्हान नदीकाठी आहे. आज एकाच बेंचवर बसून सगळे तर्री ओरपतात, ती बेंच कोणीतरी झगडून मिळवलेली आहे. म्हणून गावातलं हॉटेल बंद पडतं तेव्हा नुसती एक चव जात नाही. अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून बसायची जागा जाते.

यावर उपाय आहे का? अॅरिझोनातल्या सेलिग्मन गावाचं उदाहरण घ्या. १९७८ मध्ये नवा महामार्ग बाजूने गेला आणि गाव एका दिवसात सामसूम झालं. तिथले न्हावी एंजल डेल्गाडिलो गप्प बसले नाहीत. १९८७ मध्ये त्यांनी आसपासच्या लोकांना एकत्र करून संघटना काढली आणि आपल्या भागातल्या जुन्या रस्त्याला 'ऐतिहासिक' दर्जा द्यायला राज्याला भाग पाडलं. त्यांच्या भावाने रेल्वेच्या भंगार लाकडातून १९५३ मध्ये उभारलेलं खाण्याचं दुकान पाहायला नंतर जगभरातून लोक यायला लागले.

आपल्याला एवढं मोठं काही मागायचं नाही. रामटेकला जाणारा यात्रेकरू गावात वळावा म्हणून बायपासच्या दोन्ही तोंडांना ठळक फलक. जुन्या रस्त्यावर पार्किंग, पाणी आणि स्वच्छ शौचालय. आणि २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे ठेल्यांना हक्काची जागा. या कायद्यात नगर पथविक्रेता समिती सांगितली आहे, तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यातल्या एक तृतीयांश महिला. आपल्या कन्हान-पिपरी नगर परिषदेत ही समिती कशी चालते, पथविक्रेत्यांच्या सर्वेक्षणाचं काय झालं, हे प्रत्येक नगरसेवकाला विचारा. मतं मागायला ते आपल्या ठेल्यावरच येतात, तेव्हाच विचारा.

आणि हो, जुन्या हायवेवरच्या तुमच्या आवडत्या हॉटेलाचं नाव आणि तिथला खास पदार्थ खाली लिहा. यादी तरी होऊ द्या. पडक्या भिंतीचे फोटो काढण्यापेक्षा चालू दुकानाची यादी केलेली बरी.