आशाताईच्या पिशवीत परम्याची पट्टी का नाही?

मागे एका बातमीसाठी आशाताईंसोबत गावात फिरत होतो. त्यांच्या पिशवीत दोन तपासण्या होत्या. एक गरोदरपणाची 'निश्चय', दुसरी मलेरियाची. लघवीचे किंवा रक्ताचे थेंब टाकले की थोड्या वेळात उत्तर. सहज विचारलं, "अंगावरून पांढरं जातं म्हणून बाया सांगतात, त्याची पट्टी नाही का?" ताई म्हणाल्या, "पट्टी नाही नं भाऊ, गोळ्याच असतात."

ते उत्तर डोक्यातून जाईना. म्हणून हा इतिहास.

पांढरं जाण्याची कारणं अनेक. त्यातलंच एक परमा, म्हणजे गनोरिया. त्याचा जंतू आल्बर्ट नायसर या जर्मन डॉक्टरने 1879 साली शोधला. पुरुषाचा पू काचेवर रंगवला की सूक्ष्मदर्शकाखाली जंतू बहुतेक वेळा सापडतो. बाईचं तसं नाही. अनेकींना त्रासच जाणवत नाही, अन् काचेवरचा जंतू जवळपास निम्म्या वेळा निसटतो. प्रयोगशाळेत वाढवायचा तर तो इतका नाजूक की नमुना पोचेपर्यंत मरतो. आत मात्र गर्भनलिका खराब होत राहतात. पुढे मूल होत नाही, अन् बोल लागतो बाईलाच.

1975 साली केंब्रिजमध्ये जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी उंदराची प्रतिपिंडं बनवणारी पेशी आणि न थांबता वाढणारी कर्करोगाची पेशी एकत्र जोडली. ती जोडपेशी एकाच प्रकारचं प्रतिपिंड हवं तितकं बनवत राहिली. हीच मोनोक्लोनल अँटिबॉडी. एका कुलपाची एकच किल्ली समजा. 1984 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांच्या शोधाचं पेटंट कुणी घेतलं नव्हतं.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत सिएटलच्या शास्त्रज्ञांनी परम्याच्या जंतूसाठी अशा किल्ल्या बनवल्या. घशात राहणाऱ्या त्याच्या निरुपद्रवी भाऊबंदांतून त्याला वेगळं ओळखता येऊ लागलं. पण आधी जंतू वाढवावा लागेच. नमुन्यात जंतू थोडे असले की साध्या पट्टीला ते दिसत नाहीत. गरोदरपणाची पट्टी याच विद्येवर गावोगाव पोचली, परम्याची पोचली नाही.

आता आपल्या विदर्भात या. गडचिरोलीच्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी 650 बायांची तपासणी केली. 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. 92 टक्के बायांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, निम्मे आजार जंतुसंसर्गाचे. त्याआधी अशी तपासणी झालेल्या बाया फक्त 8 टक्के! आजार होताच, कुणी पाहिलं नव्हतं.

आज सरकारी 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये लक्षणं पाहून रंगीत किट देतात. राखाडी किटमध्ये अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम. पहिल्याच भेटीत औषध मिळतं, नवऱ्यालाही देता येतं, हे चांगलंच. पण जिला लक्षणच नाही ती तिथं जाईल कशाला? अन् जिला परमा नाही तीही अँटिबायोटिक गिळते. या जंतूने सल्फा, पेनिसिलिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन एकेक करून निकामी केलेत. हातची औषधंही गेली तर काय?

आता गंमत ऐका. क्षयरोगासाठी देशभर जिल्ह्याजिल्ह्यात सीबीनॅट यंत्रं आली. त्याच यंत्रात वेगळं कार्ट्रिज घातलं की ते परम्याचा जंतू त्याच्या डीएनएवरून ओळखतं, तेही दीड-दोन तासांत. क्षयाचा बेडका खेड्यातून तपासणीला जातो, तसा हा नमुना का जाऊ नये? यवतमाळला सरकारी मेडिकल कॉलेज आहे. निदान गरोदर आणि मूल न होणाऱ्या बायांपासून सुरुवात करता येईल.

रस्ता, पाणी, पीकविमा यासाठी आपण निवेदनं देतो. या विषयावर आजवर एकही निवेदन माझ्या टेबलावर आलेलं नाही. बायांनी लाजेपोटी गप्प राहायचं अन् आपण सोयीने, असं किती दिवस? ज्यांची जिल्हा परिषदेत, आरोग्य समितीत ओळख आहे, त्यांनी हा प्रश्न तिथं विचारावा. मी बातमीतून विचारतोच आहे.