यंत्र येईपर्यंत

नाचतां येईना अंगण वांकडें, ही म्हण मराठींत जुनी आहे. आजच्या छायाचित्रकाराच्या बाबतींत तींत थोडा फरक करावा लागेल. कारण त्याचें अंगण वांकडें नसतें, तें अद्याप यावयाचें असतें! नवा डिजिटल कॅमेरा निघणार अशी वार्ता कानीं येते, आणि हातांतला चार-पांच वर्षांचा कॅमेरा एका रात्रींत म्हातारा होतो. नांदेडाहून देगलूरकडे जाणाऱ्या सडकेवर नायगांव लागतें. अशा तालुक्याच्या गांवीं ज्याचा प्रपंच लग्नसराईवर चालतो, त्याला तर हा पेंच वरचेवर पडतो. पैसे आतांच घालावेत, कीं नवा नमुना येईपर्यंत थांबावें? आणि थांबावयाचें ठरलें, तर तोंपर्यंत जुन्या यंत्रावर काम करावें, कीं हात आंखडून बसावें? मुहूर्त तर कोणासाठीं थांबत नाहीं.

हा प्रश्न आजचा वाटतो, परंतु महाराष्ट्राला तो नवा नाहीं. येथील कॅमेऱ्याचा इतिहास हा बऱ्याच अंशीं वाट पाहण्याचा इतिहास आहे. यंत्र विलायतेंत तयार व्हावयाचें, येथें त्याची केवळ बातमी यावयाची. मग पत्र, पैसा, बोट आणि गोदी अशा चार पायऱ्या ओलांडून तें एकदांचें हातीं पडावयाचें. या मधल्या काळांत कोणी काय केलें, हाच त्या इतिहासांतील खरा पाहण्यासारखा भाग होय.

प्रथम मराठवाड्यांतलेंच उदाहरण घ्यावें. अजिंठ्याचीं लेणीं त्या काळीं निजामाच्या राज्यांत होतीं. तेथील भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामीं ईस्ट इंडिया कंपनीनें १८४४ सालीं मद्रासच्या सैन्यांतील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची नेमणूक केली. छायाचित्रणाचा शोध युरोपांत १८३९ सालींच जाहीर झाला होता. परंतु लेण्यांतील अंधार भेदून तेथील रंग टिपण्याची शक्ति त्या कॅमेऱ्यांत नव्हती. गिलनें कुंचला हातीं घेतला आणि वर्षानुवर्षें खपून मोठमोठ्या पटांवर तेलरंगांत नकला उतरविल्या. पुढें त्यानें कॅमेराहि जवळ केला. तो ओल्या कांचेचा जमाना होता. कांचेवर रसायनाचा लेप द्यावयाचा, तो ओला आहे तोंच चित्र घ्यावयाचें आणि लगोलग अंधारांत नेऊन धुवावयाचें, असा तो खटाटोप असे. गिलच्या जोडचित्रांपैकीं शंभर चित्रें १८६४ सालीं लंडनमध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. त्यानंतर दोनच वर्षांनीं, म्हणजे १८६६ सालीं, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागून तेथें मांडलेल्या त्याच्या बहुतेक तैलचित्रांची राख झाली.

अजिंठ्याचे रंग कॅमेऱ्यानें उतरवून ग्रंथरूपानें जगापुढें मांडण्याचें काम हैदराबाद संस्थानच्या पुराणवस्तु खात्याचे गुलाम याजदानी यांच्या हातून १९३० पासून सुरू झालें. गिलच्या नेमणुकीनंतर तब्बल ८६ वर्षांनीं! गिल तर १८७९ सालींच वारला होता. रंग टिपणारा कॅमेरा निघेपर्यंत थांबावें असें त्यानें ठरविलें असतें, तर त्याचें सारें आयुष्य थांबण्यांतच गेलें असतें. नशिबानें त्याचे पट जळाले हें दुर्दैव खरें. पण अपुऱ्या साधनानें केलेलें काम वांया गेलें असें म्हणतां येत नाहीं. त्या पटांमुळेंच अजिंठ्याची कीर्ति प्रथम युरोपभर झाली.

आतां हलत्या चित्रांकडे वळावें. ल्यूमिएर बंधूंचा खेळ मुंबईस वॉटसन हॉटेलांत ७ जुलै १८९६ रोजीं झाला. सावेदादा या नांवानें ओळखले जाणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे त्या वेळीं मुंबईंत छायाचित्रणाचा व्यवसाय करीत. हलतीं चित्रें पाहून त्यांनीं २१ गिनी मोजून विलायतेहून तसला कॅमेरा मागविला. तो हातीं आल्यावर १८९९ सालीं त्यांनीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्यें पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या मल्लांची कुस्ती चित्रित केली. पण यंत्र आलें म्हणजे प्रतीक्षा संपली असें थोडेंच आहे? फीत धुण्याची सोय येथें नव्हती. ती पुन्हां बोटीनें विलायतेस जावयाची आणि धुवून परत यावयाची. कुस्ती एका दुपारची. तिचें चित्र पाहावयास मात्र महिने लागावयाचे. तरीहि सावेदादा थांबले नाहींत. रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९०१ च्या डिसेंबरांत केंब्रिजहून परत आले, तेव्हां त्यांच्या सत्काराचें चित्रहि सावेदादांच्या कॅमेऱ्यानें घेतलें.

दादासाहेब फाळके यांची कथा मराठी घरांत परिचित आहे. परंतु तिच्यांतील एका लहानशा अवधीकडे सहसा लक्ष जात नाहीं. १ फेब्रुवारी १९१२ रोजीं फाळके लंडनला निघाले. तेथें त्यांनीं ५० पौंडांस विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा ठरविला, कोरी फीत आणि फितीस भोंकें पाडण्याचें यंत्र यांची मागणी नोंदविली, आणि १ एप्रिलला ते मुंबईस परतले. कॅमेरा मात्र मे महिन्यांत आला. मधल्या दिवसांत त्यांनीं दादरला बिऱ्हाड हलविलें आणि तेथें चित्रणासाठीं कांचेची खोली व फीत धुण्यासाठीं अंधारी खोली सिद्ध केली. यंत्र पेटींतून निघालें तेव्हां त्याचें घर तयार होतें. सोबतच्या आकृतीवरून चार दिवसांत त्यांनीं तें जोडलें. ज्यानें बडोद्याच्या कलाभवनांत छायाचित्रण शिकलें, गोध्र्यास स्वतःचा स्टुडिओ चालविला आणि पुढें लोणावळ्यास छापखाना घातला, त्याच्या हाताला चार दिवस पुष्कळ झाले. जुन्या यंत्रांवर घालविलेलीं ती वीस वर्षें नव्या यंत्राचीच पूर्वतयारी होती.

कॅमेरा आला तरी भांडवल नव्हतें. तें उभें करण्यासाठीं फाळके यांनीं कुंडींत वाटाण्याचा दाणा लावला आणि अंकुर फुटून वेल वाढेपर्यंत त्याचें थोडें थोडें चित्र टिपलें. महिन्याभराची ती वाढ पडद्यावर मिनिटभरांत दिसली आणि पैसे देणारा मनुष्य मिळाला. पुढें ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. त्याची लांबी ३,७०० फूट होती. फुटाला १६ चित्रें धरलीं तर हीं सुमारें ६० हजार चित्रें होतात. शिवाय कोऱ्या फितीला कडेचीं भोंकें घरींच पाडावीं लागत. दर फुटाला दोन्ही कडांस चौसष्ट-चौसष्ट. हें काम अंधाऱ्या खोलींत बसून सरस्वतीबाई फाळके यांनीं केलें. या गृहिणीच्या बोटांचे श्रम त्या पहिल्या चित्रपटाच्या फुटाफुटांत आहेत, हें विसरतां कामा नये.

परंतु या सर्वांत विलक्षण प्रकरण कोल्हापूरचें. बाबूराव कृष्णराव मेस्त्री आणि नात्यानें त्यांचे भाऊ लागणारे आनंदराव हे दोघे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. त्यावरूनच त्यांना पेंटर हें नांव पडलें. बाबूरावांचे वडील हातांच्या कारागिरींत निपुण असल्यामुळें लांकूड, लोखंड आणि रंग यांची ओळख त्या घराला पिढीजात होती. फाळके यांचा चित्रपट पाहून दोघांनींहि चित्रपट काढण्याचा ध्यास घेतला. पैसा तुटपुंजा होता. त्यांत १९१४ सालीं महायुद्ध पेटलें आणि विलायती माल केव्हां येईल याचा भरंवसा राहिला नाहीं. नव्या कॅमेऱ्याची वाट पाहावी, तर ती कुठवर?

त्यांनीं मुंबईच्या जुन्या बाजारांतून चित्रें दाखविण्याचें एक वापरलेलें यंत्र विकत आणलें. येथें त्यांच्या बुद्धीचें कौतुक वाटतें. चित्रें दाखविणारें यंत्र आणि चित्रें घेणारें यंत्र यांचें हृदय एकच. दोहोंतहि फीत एक चित्राएवढी पुढें सरकली पाहिजे, क्षणभर निश्चल राहिली पाहिजे, तेवढ्यांत झांपड उघडून मिटली पाहिजे, आणि फीत पुन्हां सरकली पाहिजे. सेकंदाला सोळा वेळां, आणि प्रत्येक वेळीं नेमकी तेवढीच. केसाएवढी चूक झाली तरी पडद्यावरील देव-दानव थरथर कांपूं लागतात! टाकाऊ म्हणून बाजारांत पडलेलें तें यंत्र या दोघांचा गुरु झालें. तें खोलावें, न्याहाळावें, पुन्हां जोडावें, आणि त्यावरून कॅमेऱ्याचे भाग घडवावे, असा उद्योग सुरू झाला.

१९१६ सालीं हें काम अर्धवट असतांनाच आनंदराव वारले. ज्याच्या डोक्यांत त्या यंत्राची सारी जुळणी होती तोच गेला. दुसरा एखादा तेथेंच थांबता. बाबूरावांनीं विष्णुपंत गोविंद दामले यांच्या साह्यानें तें काम पुढें चालविलें आणि १९१८ सालीं कोल्हापुरांत घडलेला कॅमेरा चालूं लागला. तानीबाई कागलकर या गायिकेनें द्रव्यसाह्य केलें, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, आणि ७ फेब्रुवारी १९२० रोजीं पुण्याच्या आर्यन चित्रगृहांत ‘सैरंध्री’ प्रदर्शित झाला. त्यांत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनींच केल्या होत्या. कीचकवधाचा देखावा इतका खरा उतरला कीं, सरकारी परीक्षकांनीं तो कापावयास लावला. लोकमान्य टिळकांनीं बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

मात्र या कथेवरून जुन्या यंत्राची पूजा करावी असा बोध कोणी घेऊं नये. तसें केल्यास इतिहासाची अर्धीच बाजू सांगितल्यासारखें होईल. बाबूरावांच्याच कंपनींत वाढलेले दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे १९२९ सालीं बाहेर पडले आणि त्यांनीं कुलकर्णी यांच्या भागीदारींत प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३१ च्या मार्चमध्यें ‘आलम आरा’ हा बोलपट मुंबईस लागला. आतां मूक कॅमेऱ्यावर कितीहि हुन्नर खर्चिला तरी पडद्यावरील ओंठांतून शब्द निघणार नव्हता. प्रभातनें ध्वनीचीं यंत्रें घेऊन १९३२ सालीं ‘अयोध्येचा राजा’ काढला. ध्वनिमुद्रणाची बाजू दामल्यांनींच उचलली. १९१८ सालीं ज्या हातांनीं जुन्यावर तहान भागविली, त्याच हातांनीं वेळ येतांच नवें उचललें. महाराष्ट्र फिल्म कंपनी मात्र बोलपटांच्या युगांत टिकली नाहीं. दुधाची तहान ताकावर भागवावी. पण दूध दारीं आल्यावरहि ताकाचाच हट्ट धरणें हें शहाणपण नव्हे.

आणखी एक गोष्ट मनाला चटका लावते. कोल्हापूरच्या कॅमेऱ्यानें टिपलेला ‘सैरंध्री’ आज पाहावयास मिळत नाहीं. ‘राजा हरिश्चंद्र’ देखील तुटक स्वरूपांतच शिल्लक आहे. यंत्रासाठीं जिवाचें रान केलें, पण त्या यंत्रानें निर्माण केलेली वस्तु जतन झाली नाहीं. नव्या यंत्राची चिंता करणाऱ्यानें जुन्या चित्रांची चिंता आधीं करावी, हा धडा त्यांतून निघतो. आजच्या छायाचित्रांना आगीपेक्षां विस्मरणाचें भय अधिक. बिघडलेली चकती, हरवलेलें कार्ड आणि कोणीच न काढलेली दुसरी प्रत यांनीं क्रिस्टल पॅलेसच्या आगीचेंच काम निमूटपणें होतें.

आतां मूळ प्रश्नाकडे यावें. अमेरिकेंतील कोडक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन या अभियंत्यानें १९७५ सालीं पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला, तेव्हां त्याचें चित्र अवघ्या १० हजार बिंदूंचें होतें आणि तें फितीवर उमटण्यास २३ सेकंद लागत. २००३ सालीं कॅननचा जो कॅमेरा सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यांत आला, तो सुमारें ६३ लाख बिंदूंचा होता. इंचाला ३०० बिंदू या उत्तम छपाईच्या मापानें त्याचें चित्र सुमारें १० इंच लांब आणि पावणेसात इंच रुंद छापतां येतें. घरांतील भिंतीवर टांगलेल्या बहुतेक तसबिरी याहून मोठ्या नसतात. तेव्हां दिवसाच्या उजेडांत वधूवरांचें चित्र घेण्यास असला कॅमेरा आजहि असमर्थ नाहीं. रात्रीच्या मांडवांतील मंद उजेड, रुंद अल्बमाचीं जोडपानें, धांवत्या वरातीचें चलच्चित्र, हीं कामें मात्र त्याच्या शक्तीबाहेरचीं. तेथें नवें यंत्र ही चैन नसून गरज आहे.

म्हणून निवाडा यंत्राच्या वयावरून करूं नये, कामावरून करावा. पुढ्यांतलें काम जुन्या यंत्राला खरोखर अशक्य आहे काय, हें प्रथम पाहावें. अशक्य असेल, तर आलम आरानंतर दामल्यांनीं केलें तें करावें. शक्य असेल, तर कोल्हापूरकरांप्रमाणें तेंच यंत्र उघडून त्याचा कोपरान् कोपरा जाणून घ्यावा. नवा कॅमेरा यावयाचा तेव्हां येईल. तो येईल त्या दिवशीं त्याला हाताळणारा हात तयार असावा आणि तोंपर्यंत काढलेलीं चित्रें नीट ठेवलेलीं असावींत.