साडेतीन इंचांचं कुळ

जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार नव्यानं सजवून विकायला निघते तेव्हा जाहिरातीत रंग, सीटचं कातडं, तारांची चाकं यांचं वर्णन येतं आणि मग ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: इंजिन मूळचं. एमजीएसारख्या गाडीची किंमत या एका दाव्यावर लाखांनी वरखाली होते. पण या इंजिनाचं मूळ शोधायला निघालं की ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डनमध्ये शोध संपत नाही. वाट फुटते ती बंगालातल्या उत्तरपाड्याला, आणि तिथून थेट आमच्या रायपूरच्या जुन्या गॅरेजांमध्ये. कारण एमजीएचं पहिलं इंजिन आणि आपल्या अँबेसिडरचं पेट्रोल इंजिन एकाच घराण्यातलं आहे. दोन्हींचा बोअर ७३.०२५ मिलिमीटर, स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर, घनफळ १४८९ सीसी.

ठाऊक असलेलं एका दमात सांगून टाकतो. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, विल्यम मॉरिसची ऑक्सफर्डमधली पेढी. सेसिल किंबरनं १९२०च्या दशकात तिथे खेळकर, चपळ गाड्या बांधायला सुरुवात केली. एमजीए १९५५ साली आली, १९६२ साली थांबली, एक लाखाहून थोड्या जास्त बनल्या आणि बहुतेक अमेरिकेला गेल्या. अँबेसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका, हिंदुस्तान मोटर्सनं उत्तरपाड्यात बांधलेली, २०१४ पर्यंत.

आता खरा वाद. दोन्ही गाड्यांच्या नावामागे मॉरिस उभा आहे, तेव्हा इंजिनही मॉरिसचंच असणार, असं जुने गाडीवाले छातीठोकपणे सांगतात. मला ते मुळीच पटत नाही. हे इंजिन मॉरिसच्या हाडवैऱ्याचं, ऑस्टिनचं आहे.

पुरावा स्ट्रोकमध्ये, म्हणजे पिस्टन जितका वरखाली सरकतो त्या अंतरात आहे. ८८.९ मिलिमीटर म्हणजे बरोबर साडेतीन इंच. ऑस्टिननं १९४७ साली ए-४० ही गाडी आणली, तिचं इंजिन १२०० सीसीचं. स्ट्रोक साडेतीन इंच. १९५३ साली त्याची थोराड आवृत्ती ‘बी-सिरीज’ नावानं एमजी मॅग्नेटमध्ये बसली. स्ट्रोक साडेतीन इंच. एमजीए, तेच. १९६२ची एमजीबी, १७९८ सीसी. बोअर पार वाढला, पण स्ट्रोक जिथल्या तिथे. साडेतीन मुहूर्त, साडेतीन पीठं, साडेतीन शहाणे मानणाऱ्या मराठी माणसाला ही खूण एकदा दिसली की विसरता येत नाही.

मग मॉरिसवाल्यांचा गैरसमज आला कुठून? तोही निराधार नाही. अगदी सुरुवातीच्या अँबेसिडरला खरोखरच मॉरिसचं जुनं साइड-व्हॉल्व्ह इंजिन होतं, १४७६ सीसीचं. १९५९च्या सुमारास त्या जागी १४८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन आलं. तेरा सीसींचा फरक. कागदावर कुणाच्या डोळ्यांतही भरणार नाही, आणि लोकांना वाटलं की जुनंच इंजिन सुधारलं. पण त्या १४७६ची मापं काढून बघा: बोअर ७३.५, स्ट्रोक ८७. साडेतीन इंच नव्हेत. पूर्ण वेगळं बीज.

वैऱ्याचं इंजिन घरात आलं कसं, याची गोष्ट लिओनार्ड लॉर्ड या माणसाभोवती फिरते. लॉर्ड मॉरिसकडे वरच्या हुद्द्यावर होता. १९३६ साली मालकाशी बिनसलं आणि तो बाहेर पडला. दोन वर्षांनी ऑस्टिनकडे गेला. मॉरिसचा कावलीचा कारखाना वीट वीट करून उतरवीन, अशी शपथ त्यानं घेतल्याचं सांगतात. वीट उतरवावी लागलीच नाही. १९५२ साली दोन्ही कंपन्या एकत्र होऊन बीएमसी झाली आणि लवकरच सूत्रं लॉर्डच्या हाती आली. त्याच वर्षी एमजीच्या लोकांनी नव्या स्पोर्ट्स कारचा नमुना पुढे ठेवला, तो त्यानं नाकारला, कारण डोनाल्ड हीलीशी त्याच्या स्पोर्ट्स कारसाठी नुकताच करार झाला होता. एमजीएला तीन वर्षं वाट पाहावी लागली, आणि आली तेव्हा मॉरिसच्या नावाच्या गाडीत ऑस्टिनचं काळीज होतं. माझ्या मते लॉर्डनं शपथ पाळली ती अशी.

याहून लांबचं कुळ सांगणारेही आहेत. त्यांचं म्हणणं, हे सगळं अमेरिकन आहे. मांडणी अशी: शेव्हरोलेच्या १९२९च्या सहा सिलिंडर इंजिनावरून इंग्लंडमध्ये बेडफर्ड ट्रक उभा राहिला, १९३९ साली ऑस्टिननं ट्रक काढला तो बेडफर्डसारखा इतका की लोक त्याला ‘बर्मिंगहॅमचा बेडफर्ड’ म्हणू लागले, त्या ट्रकच्या इंजिनातून चार सिलिंडरचं ऑस्टिन सिक्स्टीन निघालं, आणि त्यातून ए-४०. ट्रकपर्यंतची साखळी मला मान्य आहे. पुढे ती तुटते. ऑस्टिन सिक्स्टीनचा स्ट्रोक १११ मिलिमीटर आहे. साडेतीन इंच तिथे नाहीत. शिवाय या इंजिनाच्या हेडमधला बदामाच्या आकाराचा दहनकक्ष हॅरी वेस्लेकचा, पक्का इंग्रजी. ढब ट्रककडून घेतली असेल, ओव्हरहेड व्हॉल्व्ह चालवायची हिंमत तर नक्कीच. पण रक्ताचं नातं १९४७च्या मागे जात नाही, असं माझं मत आहे. आणि मी त्यावर ठाम आहे.

हे नातं डोळ्यांनी पाहायचं तर दोन्ही बॉनेट उघडावीत. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड डाव्या अंगाला, डिस्ट्रिब्यूटर उजव्या. मॅनिफोल्ड काढलं की हेडला पाचच छिद्रं दिसतात: दोन आत घेणारी, तीन बाहेर टाकणारी. चार सिलिंडर आणि आत घेणारी छिद्रं दोनच, म्हणजे एकेका छिद्रावर दोघांचा वाटा. पुशरॉड त्याच बाजूनं वर जातात, त्यामुळे चार छिद्रांना जागाच उरत नाही. त्याखाली टॅपेटची दोन पत्र्याची झाकणं. त्यांच्या गॅस्केटमधून तेल झिरपणार हे ठरलेलं. क्रँकच्या मागच्या टोकालाही सील नाही, तेल परत फिरवणारा नुसता आटा कापलेला आहे. अँबेसिडर उभी राहायची तिथे जमिनीवर तेलाचा डाग पडायचा, तो मिस्त्रीच्या हलगर्जीपणाचा नव्हे, त्या आट्याचा. लंडनच्या लिलावात मखमलीवर उभी असलेली एमजीएही तसाच डाग पाडते.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड झालं, रायपूरच्या डीकेएस भवनात मंत्रालय बसलं, आणि आवारात पांढऱ्या अँबेसिडर आल्या. त्यांतल्या डिझेलवाल्यांचं इंजिनही याच घराण्याचं: बी-सिरीजचं डिझेल रूप, तेच १४८९, तोच स्ट्रोक. म्हणजे ज्या मिस्त्रींनी त्या गाड्यांचे क्रँक ग्राइंड केले, बोअर करून नवे पिस्टन बसवले, त्यांच्या हातांना एमजीए अनोळखी नाही. भारतात एमजीए नीट करणाऱ्यांना अँबेसिडरनं जगवलं ते यामुळेच.

आणि म्हणून ‘मूळचं इंजिन’ हा दावा आपल्याकडे जास्त बारकाईनं तपासावा लागतो. थकलेल्या एमजीएत अँबेसिडरचा ब्लॉक बसवणं हा सोपा मार्ग होता. बाहेरून फरक कळत नाही, पण चालवताना कळतो: अँबेसिडरचं कॉम्प्रेशन कमी, कार्ब्युरेटर एक, ताकद पन्नासेक घोड्यांची, एमजीएला दोन एसयू कार्ब्युरेटर आणि ६८, पुढे ७२ घोडे. विकत घेणाऱ्यानं ब्लॉकच्या उजव्या अंगाची पट्टी वाचावी. १५ जीबी किंवा १५ जीडी ही अक्षरं असतील आणि नंबर कागदांशी जुळत असेल, तर दावा खरा. पट्टी नसेल, रिव्हेटची नुसती भोकं असतील, तर विक्रेत्यानं तसं लिहावं आणि किंमत त्या हिशेबानं लावावी. अँबेसिडरचा ब्लॉक असलेली एमजीए मी कमअस्सल मानणार नाही. ती सख्ख्या भावाचं इंजिन घेऊन धावते. पण ते झाकून विकणं हा मात्र सरळ खोटेपणा आहे.