अमेरिकन यादवी युद्धातील व्हर्जिनियाचे काउंटी-नकाशे : एक ऐतिहासिक साधन

अमेरिकेच्या यादवी युद्धाचा (१८६१-१८६५) परिचय मराठी वाचकास प्रामुख्याने गुलामगिरीच्या प्रश्नामुळे झालेला आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेला आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला, हे सर्वश्रुतच आहे. मात्र या युद्धात निर्माण झालेल्या नकाशांकडे आपल्याकडे क्वचितच लक्ष गेले. प्रस्तुत लेखात दक्षिणेच्या महासंघाच्या अभियंत्यांनी तयार केलेल्या व्हर्जिनियातील काउंटी-नकाशांचा विचार केला आहे. काउंटी हा प्रशासकीय घटक स्थूलमानाने आपल्या तालुक्यासारखा समजावा. या नकाशांत घरमालकाचे नाव आढळते, परंतु त्याच्या आवारात राबणाऱ्या गुलामांचा उल्लेख नसतो. त्यामुळे जनगणनेच्या कागदपत्रांची जोड दिल्याशिवाय हे साधन अपुरे, किंबहुना फसवे ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

युद्धारंभी दक्षिणेच्या सेनापतींजवळ स्वतःच्याच भूमीचे विश्वसनीय नकाशे नव्हते. व्हर्जिनियाचा उपलब्ध मोठा नकाशा हर्मन बोये याचा होता. त्याच्यावर १८२६ हे वर्ष असून १८५९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. एक इंचास पाच मैल या प्रमाणाचा हा नकाशा राज्याच्या कारभारास पुरेसा होता. परंतु सैन्याची एक तुकडी कोणत्या फाट्यावरून वळवावी, हे त्यावरून ठरविणे अशक्य होते. जून १८६२ च्या अखेरीस राजधानी रिचमंडच्या वेशीवर झालेल्या 'सात दिवसांच्या लढायां'त या उणिवेची जबर किंमत मोजावी लागली. १ जुलै रोजी मॅल्व्हर्न टेकडीच्या लढाईपूर्वी जनरल मॅग्रूडर यास 'क्वेकर रस्त्या'ने पुढे जाण्याचा हुकूम मिळाला. जनरल ली याच्या नकाशावर त्या नावाचा एक रस्ता होता. स्थानिक वाटाड्यांना ठाऊक असलेला क्वेकर रस्ता निराळाच होता. मॅग्रूडरचे सैन्य भलत्याच दिशेने चालत गेले व मोलाचे तास वाया गेले. त्या दिवशीच्या हल्ल्यात दक्षिणेचे पाच हजारांहून अधिक सैनिक मृत वा जखमी झाले. या हानीची कारणे अनेक होती. परंतु एका रस्त्याच्या नावावरून झालेला घोटाळा त्यांत मोडतो. दक्षिणेचा सेनानी रिचर्ड टेलर याने १८७९ मध्ये लिहिलेल्या आठवणींत, आपल्या सेनापतींना रिचमंडच्या परिसराची माहिती मध्य आफ्रिकेहून अधिक नव्हती, अशा आशयाची बोचरी टीका केली आहे.

ली याने जून १८६२ मध्येच सेनेची सूत्रे हाती घेतली होती. त्याने नकाशा-विभागाची धुरा अल्बर्ट कॅम्पबेल याच्याकडे सोपविली. कॅम्पबेलने युद्धापूर्वी पश्चिमेकडील गाडीरस्त्यांच्या सरकारी कामावर देखरेख केलेली होती. त्याने एकेका काउंटीत सर्वेक्षणाची पथके धाडली. पुढे जेरेमी गिल्मर हा अभियंता खात्याचा प्रमुख झाला आणि या कामास स्थैर्य आले. हॅनोव्हर, हेन्रायको, कॅरोलाइन, स्पॉटसिल्व्हेनिया, चेस्टरफील्ड, डिन्विडी अशा अनेक काउंट्यांचे मोठ्या प्रमाणावरील नकाशे सिद्ध झाले. त्यांत रस्ते, रान, ओढे, पाणचक्क्या, चर्च, लोहारशाळा, नदीचे उतार आणि घराघरापुढे कुटुंबप्रमुखाचे नाव आढळते. ही नावे सौजन्यापोटी लिहिलेली नाहीत. पाटीविरहित रस्त्यावर वाट विचारताना अमक्याचे घर, तमक्याची चक्की याच खुणा उपयोगी पडत असत. चाऱ्याची व धान्याची सोय कोठे होईल, याचाही अंदाज त्यावरून बांधता येत असे.

नकाशा तयार झाल्यावर त्याच्या प्रती हा पुढचा प्रश्न होता. हाताने नकला करणाऱ्या आरेखकांना मागणी पुरी करता येईना. तेव्हा कॅम्पबेलने छायाचित्रणाचा आश्रय घेतला : पारदर्शक कापडावर दाट शाईने काढलेली नक्कल रासायनिक लेप दिलेल्या कागदावर ठेवून उन्हात धरावयाची, त्यावरून उलटी प्रत व तिच्यावरून पुन्हा सुलटी प्रत काढावयाची. उत्तरेकडील सैन्यातही असे प्रयोग चालू होते. विल्यम मार्गेडंट याच्या पद्धतीने काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांचे नकाशे छावणीतच निघत. १८६४ च्या अटलांटा मोहिमेत तर घोडदळासाठी मलमलीवर नकाशे छापले गेले. मळले की धुऊन पुन्हा वापरावे! मात्र उत्तरेपाशी छापखाने व कागद यांची सुबत्ता होती. दक्षिणेच्या नकाशांतील काटकसर पाहताना हे विसरता कामा नये.

एप्रिल १८६५ मध्ये रिचमंड पडले. नकाशा-विभागाचे दप्तर आगगाडीने दक्षिणेकडे रवाना झाले व नाहीसे झाले. कॅम्पबेलने १८८८ मध्ये 'सेंच्युरी' मासिकात या हरवलेल्या नकाशांवर लेख लिहिला. सुदैवाने गिल्मरजवळ बऱ्याच प्रती राहिल्या होत्या. युद्धानंतर सव्हाना येथे एका गॅस कंपनीचा अध्यक्ष म्हणून काम करणाऱ्या गिल्मरचे १८८३ मध्ये निधन झाले. त्याच्या संग्रहातील नकाशे आज वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी, व्हर्जिनियाची इतिहास-संस्था व नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ यांच्या संग्रही आहेत. स्टोनवॉल जॅक्सनचा नकाशाकार जेडेडाया हॉचकिस हा मूळचा शाळामास्तर. त्याचा संग्रह १९४८ मध्ये काँग्रेसच्या ग्रंथालयाने विकत घेतला. शासकीय दप्तर लुप्त व्हावे आणि घरगुती पेटाऱ्यांतून इतिहास हाती लागावा, हा अनुभव मराठी इतिहाससंशोधकांना नवा नाही.

व्हर्जिनियातील स्थानिक इतिहासकार व वंशावळींचे अभ्यासक या नकाशांना मोठे प्रमाण मानतात, आणि घरांपुरते ते रास्तही आहे. तथापि १८६० च्या जनगणनेनुसार व्हर्जिनियात १५,९६,३१८ लोकसंख्येपैकी ४,९०,८६५ व्यक्ती गुलाम होत्या. म्हणजे दहांपैकी तीन. युद्धाच्या मुळाशी असलेला हा समाज अभियंत्यांच्या नावनिशीत येत नाही. वाटाड्यास त्यांच्या नावाची गरज नव्हती, असे म्हणून हा प्रश्न निकालात निघत नाही. उत्तरेच्या सैन्याला वाटा, पूल व शत्रूच्या हालचाली यांची बहुमोल माहिती पळून आलेल्या याच लोकांनी पुरविली. ज्यांना भूमी पायाखालची ठाऊक होती, त्यांनाच नकाशात जागा नव्हती.

त्यांना जागा देणारा एक नकाशा वॉशिंग्टनमध्ये १८६१ सालीच निघाला होता. तटीय सर्वेक्षण खात्याच्या एडविन हर्गेशायमर याने १८६० च्या जनगणनेवरून दक्षिणेतील प्रत्येक काउंटीत गुलामांचे शेकडा प्रमाण किती, हे गडद-फिकट छटांनी दाखविले. त्याची विक्री जखमी व आजारी सैनिकांच्या साहाय्यार्थ होत असे. अध्यक्ष लिंकन हा नकाशा वारंवार पाहत. चित्रकार फ्रान्सिस कार्पेंटर याने मुक्तीच्या जाहीरनाम्याच्या प्रथम वाचनाचे जे चित्र १८६४ मध्ये रंगविले, त्याच्या उजव्या कोपऱ्यात तो टेकवून ठेवलेला दिसतो. परंतु येथेही माणूस नाही, शेकडेवारी आहे.

या दोन नकाशांमधील रिकामी जागा काही अंशी भरून काढता येते. १८६० च्या जनगणनेत गुलामांची स्वतंत्र यादी होती. तीत मालकाच्या नावाखाली प्रत्येक गुलामाचे वय, लिंग व वर्ण नोंदलेले असत. गुलामाचे नाव सामान्यतः नसे. गिल्मरच्या संग्रहातील एखाद्या काउंटीच्या नकाशावरील घरमालकाचे नाव घेऊन ते या यादीत शोधल्यास, अमुक ओढ्याकाठच्या अमुक घराच्या आवारात किती माणसे राबत होती व त्यांत मुले किती, हे बऱ्याच ठिकाणी सांगता येईल. मालकाच्या मृत्युपत्रात वा मालमत्तेच्या यादीत कधी कधी त्यांची नावेही सापडतात.