क्रीडाचिकित्सा
खेळाच्या माध्यमातून बालकांच्या भावनिक व वर्तनविषयक समस्यांवर उपचार करण्याची मानसोपचारपद्धती. भीती, राग, मत्सर इ. भावना शब्दांत मांडणे लहान मुलांना अवघड जाते. मात्र बाहुल्या, माती, वाळू, पाणी, रंग यांच्याशी खेळताना त्या सहज प्रकट होतात. या निरीक्षणावर ही पद्धती आधारलेली आहे.

सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) याने १९०९ मध्ये घोड्यांना भिणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाचे विश्लेषण प्रसिद्ध केले. परंतु ते मुख्यत्वे मुलाच्या वडिलांमार्फत झाले होते. मुलाच्या प्रत्यक्ष खेळाला उपचारात मध्यवर्ती स्थान दिले, ते मेलनी क्लाइन (१८८२–१९६०) हिने. प्रौढांच्या मुक्त साहचर्याचे स्थान मुलांच्या बाबतीत खेळ घेतो, असे मानून ती खेळातील प्रतीकांचा अर्थ मुलाला थेट सांगत असे. ॲना फ्रॉइड (१८९५–१९८२) हिने १९२७ मध्ये या मतावर आक्षेप घेतला. दोन खेळण्यातल्या गाड्यांची टक्कर ही रस्त्यात पाहिलेल्या अपघाताची केवळ पुनरावृत्तीही असू शकते, असे तिचे म्हणणे होते. खेळाचा उपयोग ती मुलाचा विश्वास संपादन करण्यासाठी करी.

खेळाचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा, हा या वादाचा गाभा होता. मार्गारेट लोवेनफेल्ड (१८९०–१९७३) हिने लंडनमधील आपल्या चिकित्सालयात वाळूचे तबक व छोट्या प्रतिकृती देऊन मुलांना स्वतःचे ‘जग’ रचू दिले. अमेरिकेत व्हर्जिनिया ॲक्सलाइन (१९११–८८) हिने कार्ल रॉजर्सच्या विचारांना अनुसरून अनिर्देशक क्रीडाचिकित्सा विकसित केली आणि १९४७ मध्ये तिची आठ तत्त्वे मांडली. त्यांनुसार चिकित्सक मुलाला आहे तसे स्वीकारतो, त्याच्या भावना ओळखून त्या त्याच्यापुढे शब्दांत मांडतो व खेळाची दिशा त्याच्यावर सोपवितो. मात्र स्वतःस वा इतरांस इजा करण्यास मुभा नसते. असे स्वातंत्र्य व मर्यादा एकत्र अनुभवल्याने राग व्यक्त करणे आणि तो आवरणे, अशा दोन्ही गोष्टी मूल शिकते. गटातील खेळात वाटून घेणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे व दुसऱ्याची भूमिका समजून घेणे यांचाही सराव होतो.

१९६० नंतरच्या दशकात बर्नार्ड व लुईस गर्नी या दांपत्याने आईवडिलांनाच या खेळाचे प्रशिक्षण देण्याची पद्धती रूढ केली. ९३ नियंत्रित अभ्यासांच्या २००५ मधील एकत्रित विश्लेषणात क्रीडाचिकित्सेचा परिणाम लक्षणीय दिसून आला. पालकांचा सहभाग असल्यास तो अधिक होता. तथापि अनेक अभ्यासांतील मुलांची संख्या अल्प असल्याने हे निष्कर्ष सावधपणे स्वीकारावे लागतात.