तळटीप : १९९५चे युती सरकार आणि अपक्ष

१७. ‘अपक्षांच्या टेकूवरचे सरकार’ : मार्च १९९५मध्ये आलेले मनोहर जोशी यांचे शिवसेना-भाजप युतीचे मंत्रिमंडळ. शिवसेनेचे ७३ आणि भाजपचे ६५ मिळून १३८ होतात. २८८च्या सभागृहात बहुमताला १४५ लागतात. काँग्रेस ८०वर घसरली होती, पण तब्बल ४५ अपक्ष निवडून आले होते आणि त्यांत काँग्रेसच्या बंडखोरांचाच भरणा होता. लेखकाने या व्यवहाराला सरसकट ‘घोडेबाजार’ म्हटले आहे. शेरा जरा घाईचा वाटतो. पक्षांतरबंदी कायद्यानुसार अपक्ष आमदार निवडणुकीनंतर कोणत्याही पक्षात गेला, की त्याची आमदारकी जाते. मंत्री व्हायला मात्र आडकाठी नाही. म्हणजे त्यांना पक्षात ओढून प्रश्न एकदाचा मिटवण्याची सोय युतीला नव्हती. पदे देऊनच त्यांना राखायचे, तेही पाच वर्षे. मंत्र्यांच्या संख्येवर १५ टक्क्यांची मर्यादाही तेव्हा नव्हती. ती २००३च्या घटनादुरुस्तीने आली. इंदापूरचे हर्षवर्धन पाटील, काटोलचे अनिल देशमुख हे अपक्ष याच वाटेने राज्यमंत्री झाले. १९९९नंतरच्या विलासराव देशमुख मंत्रिमंडळातही हे दोघे होतेच! – संपा.