घड्याळाविना निकाल

१६ फेब्रुवारी २०२० रोजी शिकागोत एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या ऑल-स्टार सामन्यात चौथ्या सत्राला घड्याळच बंद केलं गेलं. आघाडीच्या संघाचे १३३ गुण, त्यात नुकत्याच वारलेल्या कोबी ब्रायंटच्या स्मरणार्थ त्याच्या जर्सीवरचे २४ मिळवून लक्ष्य ठरलं १५७. आधी गाठेल तो जिंकणार. एरवी मिरवायला येणारे तारे शेवटी जिवाच्या आकांताने खेळले आणि लेब्रॉन जेम्सच्या संघाने १५७-१५५ अशी बाजी मारली. युक्ती निक एलम या अमेरिकी प्राध्यापकाची. तिचं मूळ गल्लीतल्या ‘आधी २१’ वाल्या बास्केटबॉलमध्ये शोधता येईल किंवा क्रिकेटमधल्या पाठलागात. पण गल्लीत तिकीट काढून आलेला प्रेक्षक नसतो आणि क्रिकेटचे चेंडू मोजलेले, म्हणजे घड्याळ आलंच. नावाजलेले गडी मुद्दाम समोरासमोर आणायचे आणि वेळेची पर्वा न करता निकाल लावायचा, या दोन्ही गोष्टी एकत्र सापडतात त्या सोलापूरकडच्या जत्रेतल्या निकाली कुस्तीत. एलमने ती पाहिली होती असं नव्हे. पण नावाजलेल्यांना मनापासून लढवायची अडचण तीच असली की तोडगाही तोच निघतो.

जत्रेच्या मैदानात ताक, हळद, लिंबू घालून मळलेली तांबडी माती, कडाडणारी हलगी आणि शेवटच्या इनामासाठी पंचांनी लावलेली जोड. दोन्ही खांदे मातीला टेकले की चीतपट. त्यावर वाद नाही. गुणांवरच्या कुस्तीत काय होतं ते जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र केसरीत दिसलं. माती विभागाच्या अंतिम लढतीत सोलापूर जिल्ह्याचेच दोन मल्ल भिडले, महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख. एका डावाला गायकवाडला दिलेल्या चार गुणांवरून वाद पेटला आणि कुस्तीपेक्षा पंचांचीच चर्चा जास्त झाली. पुढे किताबाच्या लढतीत शिवराज राक्षेने गायकवाडला मिनिटाच्या आत चीत केलं, तेव्हा मात्र कुणाची तक्रार उरली नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, घड्याळ नसलं की लढत रेंगाळते. खरंच आहे: १९१० साली लंडनमध्ये पोलंडचा मल्ल झिबिस्को गामा पहिलवानासमोर अडीच तासांहून जास्त वेळ बहुतांश पालथा पडून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. म्हणूनच आता अनेक मैदानांत ठरलेली मिनिटं निकाली आणि मग गुणांवर, असा मधला मार्ग काढतात. दुसरा आक्षेप जड आहे. २०२३ च्या ऑल-स्टार सामन्यातही लक्ष्य होतं, तरी १८४-१७५ असा ढिला खेळ झाला, बचाव कुणी केलाच नाही, आणि पुढच्या वर्षी एनबीएने घड्याळ परत आणलं. मग युक्ती फसली का? माझ्या मते ती अर्धीच उचलली गेली. जत्रेत आज आस्मान पाहिलेल्या मल्लाची पुढच्या मैदानातली जोड खाली घसरते, इनामाचा आकडा उतरतो. तिथे हरण्याची किंमत मोजावी लागते. कोट्यवधींचा करार खिशात असलेल्या ताऱ्याचं ऑल-स्टारमध्ये हरून काहीच बिघडत नाही. सामना रंगवायचा असेल तर आयोजकांनी घड्याळाशी खेळण्याआधी पुढच्या वर्षीची निवड यंदाच्या खेळावर ठरवावी. हरणाऱ्याला जागा गमावण्याची धास्ती वाटली, की बचाव आपोआप सुरू होईल.